विश्लेषण : बर्फ कमी, तरी हिमस्खलनाचा धोका जास्त? गुलमर्गच्या उतारांवर स्कीपटूंना नेमके काय तपासावे लागते?

गुलमर्गच्या पांढऱ्याशुभ्र उतारावरून सुसाट खाली येणाऱ्या स्कीपटूंचे रील्स दर हिवाळ्यात समाजमाध्यमांवर फिरतात. निळे आकाश, गुडघाभर ताजा बर्फ आणि मागे उडणारा पांढरा धुरळा. काही दिवसांनी त्याच परिसरातून हिमस्खलनाची बातमी येते आणि प्रतिक्रियांमध्ये ‘निसर्गापुढे कोणाचे चालते’ असा सूर लागतो. मात्र हिमस्खलन हा बहुतेक वेळा केवळ दैवाचा घाला नसतो. ज्या हिमस्खलनांत स्कीपटू किंवा गिर्यारोहक सापडतात, त्यांपैकी साधारण दहापैकी नऊ घटनांत ते त्यांनी स्वतः किंवा त्यांच्या सोबत्यांनीच सुरू केलेले असते. त्यामुळे बर्फाखाली काय दडले आहे हे ओळखणे, हा या खेळातील जिवंत राहण्याचा भाग ठरतो. ही परीक्षा कशी करतात, तिच्या मर्यादा काय आणि कमी बर्फाचे हिवाळे उलट जास्त फसवे का ठरतात, याचा हा आढावा.

गुलमर्गमध्ये काय घडले होते?

१ फेब्रुवारी २०२३ रोजी गुलमर्गच्या अफरवट शिखराजवळ हापतखुड भागात हिमस्खलन झाले. त्यात पोलंडच्या दोन स्कीपटूंचा मृत्यू झाला. १९ परदेशी स्कीपटू आणि दोन स्थानिक गाइड यांना वाचवण्यात यश आले. त्यानंतर वर्षभराहून थोड्या अधिक काळाने, २२ फेब्रुवारी २०२४ रोजी, कोंगडुरीच्या उतारांवर पुन्हा हिमस्खलन झाले आणि त्यात रशियाच्या एका स्कीपटूचा मृत्यू झाला. त्याच दिवसांत गुलमर्गमध्ये खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा सुरू होत्या.

या भागाला हिमस्खलन नवे नाही. ८ फेब्रुवारी २०१० रोजी याच परिसरातील खिलनमर्गजवळ लष्कराच्या हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलच्या प्रशिक्षणार्थी तुकडीवर बर्फ कोसळला आणि १७ जवानांचा मृत्यू झाला. बर्फातच काम करण्याचे प्रशिक्षण घेणारी ही तुकडी होती.

२०२३ आणि २०२४ च्या घटनांत एक साम्य आहे. दोन्ही वेळा आधीच्या काही दिवसांत काश्मीरमध्ये जोरदार हिमवृष्टी झाली होती. म्हणजे दुर्घटना हिमवादळ सुरू असताना नव्हे, तर ते ओसरल्यानंतर, लोक पुन्हा उतारांवर गेल्यावर झाल्या.

गुलमर्गचे उतार वेगळे का आहेत?

स्कीइंग दोन प्रकारे होते. एक, दोर आणि झेंडे लावून आखलेल्या, यंत्राने दाबून सारख्या केलेल्या मार्गावर. दुसरे, या हद्दीबाहेर, जिथे बर्फ जसा पडला तसाच असतो. या दुसऱ्या प्रकाराला बॅककंट्री स्कीइंग म्हणतात. युरोपात किंवा अमेरिकेत अशा ठिकाणी पोहोचण्यासाठी अनेकदा स्कीच्या तळाला चिकटपट्टी लावून काही तास चढावे लागते. त्या चढाईत बर्फ पायाखाली कसा लागतो, कुठे भेगा पडतात, वारा कुठून वाहतो आहे, हे पाहायला वेळ मिळतो.

गुलमर्गमध्ये गोंडोला ही चढाई काही मिनिटांवर आणते. सुमारे २,६५० मीटर उंचीवरील गुलमर्गहून पहिला टप्पा कोंगडुरीला आणि दुसरा टप्पा अफरवटच्या खांद्यावर, ३,९०० मीटरहून अधिक उंचीवर नेतो. दुसरा टप्पा २००५ मध्ये सुरू झाला आणि त्यानंतर गुलमर्गचे नाव जगभरातील स्कीपटूंच्या यादीत गेले. गोंडोलाच्या खालचा मुख्य उतार स्की पेट्रोलच्या देखरेखीखाली असतो. मात्र वर उतरल्यावर डावी-उजवीकडे थोडे चालले की माणूस थेट अशा प्रदेशात पोहोचतो, जिथे हिमस्खलनाचा बंदोबस्त कोणीही केलेला नसतो. हद्द ओलांडताना बर्फाच्या रंगरूपात काहीच फरक दिसत नाही.

हिमस्खलन नेमके कसे होते?

‘बर्फ घसरला’ असे म्हटले की छपरावरून भुसभुशीत बर्फ ओघळल्याचे चित्र डोळ्यांपुढे येते. तशी हिमस्खलने होतात, पण स्कीपटूंचे बहुतेक बळी घेते ती वेगळी जात. त्यात वरचा बर्फ एकसंध लादीसारखा घट्ट झालेला असतो. त्याच्याखाली एक कमकुवत, सुटा थर असतो आणि त्याखाली जुना, कठीण बर्फ.

हे समजायला स्वयंपाकघरातील उदाहरण पुरेसे आहे. ताटात जाडी साखर पसरून तिच्यावर चिक्कीची अखंड लादी ठेवली आणि ताट तिरके केले, तर काही कोनापर्यंत लादी जागेवर राहते. मग बोटाने किंचित धक्का दिला तरी ती सगळीच्या सगळी घसरते. डोंगरावर साखरेच्या जागी कमकुवत थर असतो आणि बोटाच्या जागी स्कीपटू. त्याच्या वजनाने तो थर एका जागी चिरडतो. ही मोड क्षणार्धात लादीखालून सर्व बाजूंना पसरते आणि वर, बऱ्याचदा स्कीपटूच्याही डोक्यावरच्या बाजूला, बर्फात आडवी भेग पडते. मग संपूर्ण लादी सुटते.

त्यात किती वजन असते? ५० मीटर लांब, ५० मीटर रुंद आणि अर्धा मीटर जाड अशी तुलनेने लहान लादी धरली, तर तो १,२५० घनमीटर बर्फ होतो. घनमीटरला २०० किलो या हिशेबाने त्याचे वजन २५० टन भरते. कोरड्या बर्फाचे असे स्खलन ताशी १०० किलोमीटरपेक्षा अधिक वेग गाठू शकते.

माळीण किंवा इरशाळवाडीमुळे महाराष्ट्राला दरडींची भीषणता माहीत आहे. फरक असा, की दरड कोसळण्यासाठी पाऊस आणि डोंगराची स्थिती पुरेशी असते, तिथे झोपलेल्या माणसाचा त्यात काही हात नसतो. बॅककंट्रीत मात्र शेवटचा धक्का बहुतेक वेळा माणूसच देतो. म्हणूनच तो टाळणेही शक्य असते.

बर्फ कमी पडला तर धोका कमी होत नाही का?

सर्वसाधारण समज तसा आहे, पण बर्फाचे गणित उलटे चालते. बर्फाच्या थराखालील जमीन हिवाळ्यातही शून्य अंशाच्या आसपास असते, कारण बर्फ पांघरुणाचे काम करतो. वरची हवा मात्र कितीतरी थंड असते. समजा, बर्फाच्या पृष्ठभागाचे तापमान उणे १५ अंश आहे. बर्फ दीड मीटर असेल, तर हा १५ अंशांचा फरक १५० सेंटिमीटरमध्ये वाटला जातो, म्हणजे दर १० सेंटिमीटरला एक अंश. बर्फ फक्त अर्धा मीटर असेल, तर तोच फरक दर १० सेंटिमीटरला तीन अंश होतो.

हा आकडा निर्णायक आहे. दर १० सेंटिमीटरला साधारण एक अंशापेक्षा जास्त फरक असला, की बर्फातील वाफ खालच्या उबदार थरातून वरच्या थंड थराकडे वेगाने सरकू लागते. त्यात बर्फाचे कण आपला गोल, एकमेकांना धरून राहणारा आकार सोडून कोनदार, सुटे होत जातात. काही दिवसांत तळाचा बर्फ मुठीत घेतला तर जाड्या साखरेसारखा बोटांतून गळतो. त्याचा चेंडू वळत नाही. पातळ बर्फ आणि दीर्घकाळ स्वच्छ, थंड रात्री, हे या सुट्या थराचे आवडते हवामान.

काश्मीरमध्ये चिल्लई कलान हा २१ डिसेंबरपासूनचा चाळीस दिवसांचा काळ कडाक्याच्या थंडीचा मानला जातो. याच काळात भरपूर बर्फ पडावा अशी अपेक्षा असते. तो पश्चिमी विक्षोभांमुळे, म्हणजे भूमध्य समुद्राच्या बाजूने येणाऱ्या वादळी प्रणालींमुळे पडतो. जानेवारी २०२४ मध्ये हे विक्षोभ फिरकलेच नाहीत आणि उघड्या, तपकिरी गुलमर्गची छायाचित्रे देशभर गाजली. खेलो इंडिया हिवाळी स्पर्धाही फेब्रुवारीच्या सुरुवातीऐवजी २१ फेब्रुवारीपर्यंत पुढे गेल्या. त्यानंतर फेब्रुवारीत दणक्यात बर्फ पडला, पर्यटनाला जीव आला आणि २२ तारखेला दुर्घटना घडली. आधी कोरडा काळ, मग अचानक भार, हा क्रम हिमस्खलनाच्या प्रशिक्षणात धोक्याचा पहिला नमुना म्हणून शिकवला जातो.

२०२५ मध्येही बर्फाअभावी याच स्पर्धा फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलाव्या लागल्या. म्हणजे उशिरा आणि एकदम पडणारा बर्फ हा अपवाद राहिलेला नाही. अशा वर्षी स्कीपटू, गाइड, हॉटेलवाले असे सगळेच बर्फाची वाट पाहून कंटाळलेले असतात आणि बर्फ पडताच उतारांकडे धावतात. नेमका त्याच वेळी खालचा जुना थर सर्वांत कमजोर असतो.

वादळानंतरची स्वच्छ सकाळ धोकादायक का?

बर्फाला नवा भार पेलायला वेळ लागतो. तीन दिवसांत हळूहळू पडलेला ६० सेंटिमीटर बर्फ आणि एका रात्रीत पडलेला तेवढाच बर्फ यांत फरक आहे. पहिल्या प्रकारात थर जुळवून घेतो, दुसऱ्यात तो ताणलेल्या अवस्थेत उरतो.

यात वाऱ्याची भूमिका पावसाळ्यातील वाऱ्यासारखी दुय्यम नसते. वारा डोंगराच्या एका अंगावरचा बर्फ उचलून धारेपलीकडच्या अंगावर आणून टाकतो. त्यामुळे आकाशातून ३० सेंटिमीटर बर्फ पडला, तरी वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूला मीटरभर थर साचू शकतो. वाऱ्याने कुटलेले हे कण घट्ट बसतात आणि त्यांची लादी तयार होते. पृष्ठभाग गुळगुळीत, फुगीर दिसतो आणि काठीने ठोकला तर पोकळ, ढोलकीसारखा आवाज येतो. धारेवर बाहेर झुकलेले बर्फाचे छज्जे दिसले, तर वारा कुठून कुठे वाहिला याचा तो पुरावाच.

वादळ ओसरले की आकाश निवळते, एक-दोन दिवस बंद असलेला गोंडोला सुरू होतो आणि रांग लागते. दृश्य सुंदर असते, हवा शांत असते. बर्फ मात्र अजून स्थिरावलेला नसतो. ताज्या बर्फातील अस्थिरता अनेकदा एक-दोन दिवसांत कमी होते. पण खाली साखरेसारखा थर असेल, तर ती कित्येक आठवडे टिकते. त्यामुळे ‘वादळ होऊन तीन दिवस झाले, आता चालेल’ हा हिशेब दरवेळी लागू पडत नाही.

उतारावर पाऊल ठेवण्यापूर्वी काय पाहतात?

पहिली गोष्ट म्हणजे उताराचा कोन. लादीची बहुतेक हिमस्खलने ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतात आणि सर्वाधिक ३८ अंशांच्या आसपास. घरातील जिन्याचा चढ साधारण ३० ते ३५ अंश असतो, यावरून अंदाज येईल. अडचण अशी, की स्कीइंगची मजाही नेमकी याच कोनात असते. कोन छोट्या मापकाने किंवा फोनमधील अॅपने मोजता येतो. धोका जास्त असेल त्या दिवशी ३० अंशांपेक्षा कमी उतार निवडणे हा सर्वांत सोपा आणि सर्वांत खात्रीचा उपाय मानला जातो. मात्र वरच्या बाजूला तीव्र उतार नसावा. कारण कमकुवत थरातील मोड सपाटीवर उभ्या माणसामुळे सुरू होऊन वर पसरू शकते.

दुसरी गोष्ट, डोंगर स्वतः देत असलेले इशारे. आसपासच्या सारख्याच दिशेच्या उतारावर ताजे हिमस्खलन दिसणे, चालताना पायाखाली ‘धप्प’ असा दबका आवाज होऊन बर्फ किंचित खचणे, स्कीच्या टोकापासून भेगा सुसाट धावत जाणे, गेल्या २४ तासांतील जोरदार हिमवृष्टी किंवा पाऊस, वाऱ्याने वाहून येणारा बर्फ आणि तापमानात झालेली झपाट्याची वाढ. यांतील पहिली तीन चिन्हे दिसली तर पुढे काही तपासण्याची गरज उरत नाही. थर अस्थिर आहे, हे बर्फाने स्वतःच सांगितलेले असते.

तिसरी गोष्ट, ‘सुटलाच तर काय होईल?’ खाली मोकळे मैदान असेल तर वाहून गेलेला बर्फ पसरतो. खाली अरुंद नाळ किंवा ओढ्याचे पात्र असेल, तर थोडासा बर्फही तिथे कित्येक मीटर उंच साचतो. खाली कडा किंवा झाडी असेल, तर गाडले जाण्यापूर्वीच आघाताने मृत्यू येऊ शकतो. म्हणून हिमस्खलनाची शक्यता आणि त्याचा परिणाम यांचा विचार वेगवेगळा करावा लागतो.

खड्डा खणून काय कळते?

बर्फाचा इतिहास वाचण्याची जुनी पद्धत म्हणजे खड्डा खणणे. निवडलेल्या उताराच्याच दिशेचा, त्याच उंचीवरचा, पण सुरक्षित आणि लहान उतार शोधून तिथे दीड मीटरपर्यंत उभा छेद घेतात. भिंतीवर हात फिरवला की थर जाणवतात. मूठ आत जाते का, चार बोटे जातात का, एक बोट, पेन्सिल की फक्त सुरी, अशा चढत्या क्रमाने कठीणपणा ठरवतात. घट्ट थराखाली मऊ थर सापडला, तर तो संशयित.

मग त्या थराची परीक्षा होते. २००६ च्या सुमारास पुढे आलेल्या आणि आता सर्वत्र रुळलेल्या पद्धतीत ९० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल असा बर्फाचा खांब बाजूने सुटा करतात. त्याच्या एका टोकावर फावड्याचे पाते ठेवून आधी मनगटापासून दहा, मग कोपरापासून दहा आणि शेवटी खांद्यापासून दहा थापा मारतात. कितव्या थापेला थर मोडला हे महत्त्वाचे असतेच. पण त्याहून महत्त्वाचे असते ते मोड फक्त फावड्याखाली राहिली, की खांबाच्या दुसऱ्या टोकापर्यंत धावत गेली. ती धावत गेली, तर डोंगरावरही ती धावू शकते.

या परीक्षेची मर्यादा मात्र मोठी आहे. खड्डा एका जागेचा असतो. २० मीटर पलीकडे वाऱ्याने थर वेगळा रचलेला असू शकतो. खडकाजवळ बर्फ पातळ असतो, त्यामुळे तिथे माणसाचे वजन कमकुवत थरापर्यंत सहज पोहोचते. उताराच्या मध्यावर दहा जण सुखरूप उतरले आणि अकरावा कडेच्या खडकाजवळून गेला म्हणून सगळा उतार सुटला, असे यामुळेच होते. म्हणून अनुभवी गाइड एक नियम पाळतात. खड्ड्यातील वाईट निकाल ‘जाऊ नका’ म्हणायला पुरेसा असतो, पण चांगला निकाल एकट्याने ‘जा’ म्हणायला पुरेसा नसतो.

मग अनुभवी लोकही का फसतात?

अमेरिकी संशोधक इयन मॅककॅमन यांनी १९७२ ते २००३ या काळातील अमेरिकेतील ७१५ हिमस्खलन दुर्घटनांचा अभ्यास केला. त्यात त्यांना आढळले, की अनेक बळींना हिमस्खलनाचे ज्ञान होते आणि धोक्याची चिन्हेही समोर होती. निर्णय चुकला तो माणसाच्या रोजच्या सवयींमुळे. ‘हा उतार माझ्या पायाखालचा आहे’ हा विश्वास, एकदा ठरवले की मागे न फिरण्याचा हट्ट, गटातील जाणत्यावर सगळे सोडून देणे, इतरांच्या नजरेत भरण्याची इच्छा, आधीच पडलेल्या स्कीच्या खुणा पाहून मिळणारा धीर आणि ‘आज नाही तर पुन्हा नाही’ ही घाई, असे हे सापळे आहेत.

गुलमर्गला यांतील शेवटचे दोन विशेष लागू पडतात. परदेशातून किंवा मुंबई-पुण्याहून आठवडाभरासाठी आलेल्या माणसाचे दोन दिवस वादळात गेलेले असतात. ताजा बर्फ एका सकाळीत इतरांच्या खुणांनी भरून जातो. समाजमाध्यमे ही घाई आणखी वाढवतात, कारण खाली सुखरूप पोहोचलेल्यांचेच व्हिडीओ दिसतात. ‘पायाखाली धप्प आवाज आला म्हणून आम्ही परत फिरलो’ याचे रील क्वचितच कोणी करते.

आणखी एक फसवणूक आहे. धोकादायक उतारावरूनही बहुतेक वेळा माणूस सुखरूप खाली येतो. त्यामुळे चुकीचा निर्णयही बरोबर होता असे वाटते आणि पुढच्या वेळी तोच ‘अनुभव’ म्हणून गाठीशी बांधला जातो.

गाडले गेल्यास किती वेळ हाती असतो?

फार थोडा. स्वित्झर्लंडमधील दुर्घटनांच्या २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, पूर्ण गाडल्या गेलेल्या व्यक्तीला पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढले, तर वाचण्याची शक्यता ९० टक्क्यांच्या आसपास असते. अर्धा तास झाला, की ती साधारण एकतृतीयांशावर येते. बहुतेक मृत्यू थंडीने नव्हे, तर गुदमरून होतात. थांबलेला बर्फ सिमेंटसारखा आवळून बसतो आणि माणसाला हातही हलवता येत नाही.

इतक्या वेळात बाहेरचे बचाव पथक क्वचितच पोहोचते. म्हणून वाचवणारे असतात ते सोबतीच. त्यासाठी प्रत्येकाकडे तीन वस्तू लागतात. ४५७ किलोहर्ट्झवर संदेश पाठवणारा आणि पकडणारा ट्रान्सीव्हर, बर्फात खुपसून शोधण्याची घडीची लांब काठी आणि धातूचे फावडे. यांतील एक जरी नसेल, तर उरलेल्या दोन फारशा कामाच्या नाहीत. गटातील सगळे एकाच वेळी उतारावर असतील, तर शोधायला कोणी उरत नाही. म्हणून एका वेळी एकानेच उतरायचे आणि बाकीच्यांनी सुरक्षित जागेवरून त्याच्यावर नजर ठेवायची, असा नियम आहे.

सरकारी इशारे पुरेसे आहेत का?

हिमस्खलनाचा अभ्यास भारतात प्रामुख्याने लष्करी गरजेतून उभा राहिला. १९६९ मध्ये मनाली येथे सुरू झालेली आणि पुढे ‘सासे’ म्हणून ओळखली गेलेली डीआरडीओची संस्था २०२० मध्ये दुसऱ्या प्रयोगशाळेत विलीन होऊन ‘डीजीआरई’ झाली. तिच्या अंदाजांच्या आधारे जम्मू-काश्मीरचे आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण इशारे प्रसिद्ध करते. ‘बारामुल्ला जिल्ह्यात अमुक मीटरपेक्षा अधिक उंचीवर पुढील २४ तासांत मध्यम धोका’ असे त्यांचे स्वरूप असते.

रस्ते, वस्त्या आणि लष्करी चौक्यांसाठी हे उपयुक्त आहे. स्कीपटूला मात्र जिल्हा नव्हे, तर उतार निवडायचा असतो. आल्प्समधील अनेक दैनंदिन पत्रकांत धोका कोणत्या उंचीवर, कोणत्या दिशेच्या उतारावर आणि कोणत्या प्रकारच्या थरामुळे आहे, हेही सांगितले जाते.

शब्दांचाही घोळ आहे. आंतरराष्ट्रीय मापनात धोक्याचे पाच स्तर असतात. सामान्य माणसाला पाचपैकी तीन म्हणजे ‘मधला’, अर्थात फारसा गंभीर नाही असे वाटते. प्रत्यक्षात तिसऱ्या स्तराला ‘लक्षणीय’ धोका म्हणतात आणि त्यात एकट्या स्कीपटूच्या वजनाने लादी सुटू शकते. स्वित्झर्लंडमध्ये हिवाळ्यातील सुमारे ३० टक्के दिवस या स्तराचा इशारा असतो, पण हिमस्खलनातील जवळपास निम्मे मृत्यू त्याच दिवसांत होतात. चौथ्या-पाचव्या स्तराला लोक घरी बसतात, तिसऱ्याला बाहेर पडतात.

हा प्रश्न फक्त स्कीपटूंपुरता आहे का?

नाही. ४ एप्रिल २०२३ रोजी सिक्कीममध्ये नाथू लाच्या वाटेवर सात पर्यटकांचा हिमस्खलनात मृत्यू झाला. २८ फेब्रुवारी २०२५ रोजी उत्तराखंडमधील माणा येथे सीमा रस्ते संघटनेच्या कामावरील मजुरांच्या छावणीवर बर्फ कोसळला, त्यात आठ जण दगावले. हिमाचलमधील झाडांच्या वर्तुळांवरून हिमस्खलनांचा जुना इतिहास तपासणाऱ्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, तापमानवाढीबरोबर त्या भागातील हिमस्खलने वाढल्याचा निष्कर्ष काढण्यात आला होता. ‘ऊब वाढली, बर्फ घटला, म्हणजे धोकाही घटला’ असे समीकरण मांडता येत नाही, हे यावरूनही दिसते.

गुलमर्गपुरते बोलायचे तर काही गोष्टी अवाक्यातल्या आहेत. हंगामात रोज सकाळी उंची आणि दिशेनुसार उतारांची माहिती हिंदी, उर्दू आणि इंग्रजीत गोंडोलाच्या तिकीट खिडकीवर लावणे. हद्दीबाहेर जाण्याच्या जागी फाटक ठेवून ट्रान्सीव्हर सुरू आहे का, हे तपासणे. स्थानिक गाइडना बर्फ तपासण्याचे आणि बचावाचे नियमित प्रशिक्षण देणे आणि ‘आज जायचे नाही’ म्हणणाऱ्या गाइडची दिवसाची मजुरी बुडणार नाही, अशी सोय करणे. शेवटचा मुद्दा किरकोळ वाटला तरी तो कळीचा आहे. कोरड्या जानेवारीत महिनाभर रिकामा बसलेला गाइड पहिल्याच मोठ्या बर्फानंतर ग्राहकाला नकार देईल, ही अपेक्षा त्याच्या एकट्याच्या खांद्यावर टाकता येणार नाही.

आणि पर्यटकाच्या हाती काय उरते? गाइडला निघण्यापूर्वी तीन प्रश्न विचारणे. खालचा थर कसा आहे, आज कोणते उतार टाळायचे आणि कोणी गाडले गेले तर कोण काय करणार? या प्रश्नांना नेमकी उत्तरे मिळत नसतील, तर दोराच्या आतला आखलेला मार्ग आहेच.